हुकलेला षड्ज

नंदूची सून आज सकाळच्या गाडीने पुण्याला परत गेली आणि तेव्हापासून तिचे एक वाक्य माझ्या मनातून हलायला तयार नाही. काल रात्री गच्चीवर जेवताना ती म्हणाली, "आत्या, बेळगावात एवढं सगळं असेल असं वाटलंच नव्हतं हो." बोलण्यात कौतुकच होते. मुलगी गुणी आहे, मनात एक आणि ओठांवर एक असा तिचा स्वभाव नाही. तरीही मला घास गिळवेना. "भात घे अजून," एवढेच म्हणून मी उठले आणि जिन्यातल्या अंधारात उगाचच क्षणभर उभी राहिले.

कालचा दिवस मी आठवडाभर आधीपासून आखला होता. दुपारी टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाच्या के. बी. कुलकर्णी कलादालनात जलरंगांचे प्रदर्शन, संध्याकाळी गाण्याची बैठक आणि रात्री आमच्या गच्चीवर जेवण. बेत उन्हाळ्याचा होता: खानापूरकडून आलेल्या, हंगामाच्या शेवटच्या ओल्या काजूगरांची उसळ, येळ्ळूरच्या बासमतीचा भात, सोलकढी, जांबोटीकडच्या बायका पानांच्या द्रोणांतून विकतात ती करवंदे आणि शेवटी कुंदा. शिवाय दुपारपासून फ्रिजमध्ये ठेवलेली पांढऱ्या वाइनची बाटली होती.

बाटली पाहून तिने सहज विचारले, "नाशिकची का?" विचारले त्यात काय चुकले? वाइन म्हटले की साऱ्यांना नाशिकच आठवते. पण माझे माहेर अथणीचे आहे. मी लगेच सांगू लागले की ही विजापूरकडची, शेनिन ब्लांक जातीच्या द्राक्षांची. कर्नाटकाने २००७ साली द्राक्षप्रक्रिया आणि वाइनचे वेगळे धोरण आणले आणि कृष्णेच्या खोऱ्यातली द्राक्षे बेदाण्याबरोबर वाइनसाठीही जाऊ लागली. आमच्याकडे वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, आणि पुढच्या वर्षीचा घड जिच्यावर धरायचा ती काडी याच रणरणत्या उन्हात तयार होते. माझे वडील, अप्पा, एप्रिलात दिवसभर बागेत असायचे, हेही सांगितले. अप्पांनी घरात ही बाटली येऊ दिली असती का, ते मात्र सांगितले नाही. तो विषय निराळा आहे.

ती ऐकत होती. तिच्या हातातला पेला तोवर कोमट झाला असणार.

आज तिचे वाक्य पुन्हा पुन्हा आठवताना लक्षात येते, की मी दिवसभर हेच करत होते. कलादालनात एका चित्रात नुकताच वळीव पडून गेलेला भुईकोट किल्ल्याचा खंदक होता. पाण्यावरचा तो पिवळट उजेड मला आता आठवतो आहे, पण तेव्हा मी चित्राकडे पाठ करून, ज्यांच्या नावाचे ते दालन आहे त्या चित्रकार कुलकर्णींच्या व्यक्तिचित्रांविषयी बोलत होते. रिक्षातून लोकमान्य रंगमंदिरावरून जाताना मी अण्णासाहेब किर्लोस्करांचा विषय काढला. ते आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, शाकुंतलाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी तुमच्या पुण्यात झाला खरा, पण माणूस इकडचा, असे मी तिला जवळजवळ बजावलेच. "तुमच्या पुण्यात" हे शब्द माझ्या तोंडून आले. माझ्या सख्ख्या भावाच्या सुनेला मी असे म्हणाले!

आणि बैठकीतही तेच. गायक मारवा राग गात होते. बाहेर ऊन उतरले होते, खिडक्या उघड्या होत्या, आणि मारव्याचे जे वैशिष्ट्य ते ते जिवापाड सांभाळत होते: षड्ज, म्हणजे गाण्याचा आधार असलेला 'सा', टाळायचा, कोमल रिषभ आणि धैवत यांच्यामध्येच फिरत राहायचे, ऐकणाऱ्याला घराच्या उंबरठ्याशी नेऊन पुन्हा मागे वळवायचे. इतक्या वेळाने मग षड्ज लागतो तेव्हा डोळ्यांत पाणी येते. नेमक्या त्याच वेळी मी तिच्या कानाशी वाकून सांगत होते, की कुमार गंधर्व इथून जवळच्या सुळेभावीचे, १९२४ साली तिथे जन्मले. सभागृहातून "वाहवा" उमटली आणि मी मान वर केली. षड्ज लागून गेला होता. पुढे त्यांनी पुरंदरदासांचे कानडी पद आणि त्याला जोडूनच तुकोबांचा अभंग म्हटला, दोन्हीला सारखीच दाद मिळाली, पण माझे मन त्या हुकलेल्या स्वरापाशीच अडून राहिले.

दुपारी मला स्वतःची फार कीव आली. इतकी वर्षे आम्ही इथे मराठी नाटके पाहतो, वाचनालये चालवतो, आणि तरी पलीकडून येणाऱ्या आपल्याच माणसाला इथे काही असेल असे वाटत नाही. प्रत्येक वेळी पुरावे काढून दाखवायचे ते आम्हीच. हे दुःख खोटे नाही. सीमेवर राहणाऱ्याला ते कळेल. पण त्या पोरीने माझ्याकडे पुरावा मागितलाच नव्हता. तिने दोनदा उसळ घेतली, करवंदांनी बोटे जांभळी करून घेतली, आणि तिला जे वाटले ते सरळ बोलून टाकले. वाटले नव्हते आणि आहे, एवढेच ती म्हणाली. त्यातले "वाटले नव्हते" मी ठेवून घेतले, "आहे" मात्र तिच्यापाशीच राहू दिले.

संध्याकाळी वळीव आला आणि वीज गेली. बाटलीत दोन पेल्यांपुरती वाइन उरली होती, ती घेऊन आम्ही दोघे पडवीत बसलो. कालच्या गाण्यात हे माझ्या मागच्याच रांगेत होते. मी विचारले, "अहो, तो षड्ज कसा लागला हो?" यांनी जन्मात कधी गाणे म्हटलेले नाही. थोडा वेळ पागोळ्यांकडे पाहत राहिले, मग घसा खाकरून त्यांनी हळूच गुणगुणून दाखवला. स्वर किंचित उतरला होता. मी तो शेवटपर्यंत ऐकला.