सा आणि रे एकाच घरात

फोंड्याजवळच्या आमच्या भजनी मंडळात मी तीस वर्षं पेटी वाजवली. डावा कान मशीन लावून थोडाफार चालतो. उजवा पार गेला, म्हणून त्यात कॉक्लियर इम्प्लांट बसवलं, म्हणजे आवाजाचे विजेचे इशारे करून थेट कानाच्या नसेला देणारं यंत्र. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी ते सुरू केलं, तर बायकोचा आवाज पत्र्याच्या डब्यात चिमणी अडकल्यासारखा आला. असं होईल हे सांगितलेलं होतं. गाण्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

घरी येऊन पेटीवर सा दाबला, मग रे. दोन्ही एकच! पेटीच बिघडली असेल म्हणून मी भाता तपासला. अभंग बोटांना पाठ होता, तो वाजत होता. मला ऐकू येत होती नुसती घरघर.

पुढच्या मॅपिंगला, म्हणजे इम्प्लांट माझ्या कानाला जुळवून घेण्याच्या भेटीत, ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) बाईंनी कागदावर शंख काढला. कानातल्या त्या शंखाच्या तोंडाशी बारीक आवाज कळतात, आतल्या टोकाला खर्ज. इम्प्लांटची तार तोंडाकडून आत सरकवतात, ती टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून सगळे आवाज चिरके वाटतात. तारेवर 22 इलेक्ट्रोड, म्हणजे करंट देणारे ठिपके. शाबूत कानात हे काम साधारण 3,500 केसपेशी करतात. त्यात एकाचा करंट आतल्या पाण्यातून शेजाऱ्याच्या हद्दीत पसरतो. सा आणि रे एकाच घरात राहायला आले ते असे.

तालाला काही झालं नव्हतं. आवाज केव्हा उठला, केव्हा पडला, हे इम्प्लांट चोख पोचवतं. चवथीला घुमट, शामेळ, कांसाळे या वाद्यांच्या गजरात आरती कुठली चालली आहे, ते मी ठेक्यावरून ओळखत होतो.

सुरांसाठी मुलीला धरलं. मी पाठमोरा, ती पेटीवर. "बाबा, दुसरा वरचा की खालचा?" पहिल्या दिवशी सा-पच्या 20 जोड्यांत 11 बरोबर, नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. पेटीचे दोन्ही स्टॉप, म्हणजे पुढचे खुंटे, उघडे असले की एका पट्टीला दोन सूर वाजतात आणि नुसता गोंधळ, म्हणून एकच ठेवला. सरावाला डाव्या कानातलं मशीन काढायचं, पण गाणं ऐकताना दोन्ही लावायची, असं बाईंनी सांगितलं. खर्जाचा आधार डावाच देतो, हे खरं निघालं. चार महिन्यांनी सा-प 20 पैकी 17. सा-ग कधी जमतो, कधी नाही. सा-रे अजून तिथंच.

मंडळात पेटी आता पुतण्याकडे आहे, मी टाळ घेतो. परवा त्यानं काळी एकऐवजी काळी तीनमध्ये, म्हणजे बऱ्याच वरच्या पट्टीत, अभंग उचलला. मला काही कळलं नाही. अंतऱ्याला बुवांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या दिसल्या, तेव्हा कळलं.