सोपोच्या चिठ्ठ्या

म्हापशाच्या आझिलो या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?" मी म्हटलं, "रस्त्यावर पडली." खरं तर आईला भाड्याच्या स्कूटरने उडवलं होतं. ती स्कूटर चालवणारा पर्यटक पोरगा माझ्या शेजारी हात जोडून उभा होता. "भैया, पुलिस मत बुलाओ, शाम की फ्लाइट है." त्याने दहा हजार रुपये माझ्या खिशात कोंबले होते. मला त्याची दया आली आणि ते एक वाक्य केसपेपरवर कायमचं बसलं.

नोव्हेंबर २०२२ मधला शुक्रवार. आई दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मिरची, सोलं आणि घरचे नारळ घेऊन बसायची. अस्नोड्याला बस पकडायला रस्ता ओलांडताना हे झालं. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनसाठी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं, तिथे पुन्हा तोच प्रश्न आला आणि या वेळी मी खरं सांगितलं. तिसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनवर गेलो.

म्हणजे एकाच अपघाताचे दोन सरकारी कागद आणि दोन गोष्टी. पुढे आम्ही नुकसानभरपाईचा दावा लावला, तेव्हा स्कूटरच्या विमा कंपनीच्या वकिलाने उलटतपासणीत मला त्यावरच अर्धा तास सोलला. तेव्हा कुणाचा अपघात झाला, तर पहिल्याच केसपेपरवर 'दुचाकीची धडक' आणि जमलं तर गाडीचा नंबर लिहून घ्या. दया दाखवायची तर नंतर दाखवा. एफआयआर उशिरा झाली एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, उशिराचं पटेल असं कारण द्यावं लागतं, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये म्हटलंय. आम्हाला ते उपयोगी पडलं, पण खरं वाचवलं ते समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या कॅमेऱ्याने. ते चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जाणार होतं. माझ्या धाकट्या भावाने आधीच मोबाईलवर घेतलं होतं, माझ्या डोक्यात ते आलंही नसतं.

स्कूटरची पाटी पांढरी होती. आपल्याकडे गोव्यात भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी, चोरून भाड्याने दिलेली. मालक म्हणाला, "मित्राला वापरायला दिली होती." विमा कंपनी म्हणाली, पॉलिसीची अट मोडली, आम्ही देणं लागत नाही. शेवटी ट्रिब्युनलने, म्हणजे अपघाताचे दावे ऐकणाऱ्या कोर्टाने, सांगितलं, आधी कंपनीने आईला पैसे द्यावेत, मग ते मालकाकडून वसूल करावेत. तोवर आमची झोप उडालेली, ती वेगळी. पाटीचा फोटो असायलाच हवा.

मुदतीचं सांगतो. एप्रिल २०२२ पासून दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा, असं कायदा म्हणतो. त्या कलमाला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. दावा राहत्या ठिकाणच्या ट्रिब्युनलमध्येही लावता येतो, त्यामुळे अपघात परराज्यात झाला तरी तिकडे खेटे घालायची गरज नाही. आम्ही मार्चमध्ये लावला.

पहिला वकील म्हणाला, "फी नको, मिळेल त्यातले वीस टक्के." वकिलाने निकालावर हिस्सा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मग कोणीतरी कायदा सेवा समितीचं नाव सुचवलं. बाईला उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. आईला मिळाला, आणि चांगला मिळाला.

आता खरी अडचण. बांबोळीत उपचाराचे पैसे जवळजवळ लागलेच नाहीत, मग मागायचं काय? वकीलबाई हसल्या. "औषधांची बिलं हा छोटा भाग. तुझ्या आईची कमाई किती होती ते दाखव." मी डिचोलीत एका दुकानाचे हिशेब लिहितो, दुसऱ्यांचे. आईचा हिशेब कोणी लिहिला होता?

तिने स्वतःच ठेवला होता. बिस्किटाच्या डब्यात सोपोच्या चिठ्ठ्या, बाजारात बसायचा कर भरल्याच्या, तीन-चार वर्षांच्या, रबर लावून. का ठेवल्या विचारलं तर म्हणाली, फेकायला हात होत नाही. सोबत गेल्या वर्षातले गिऱ्हाइकांनी मोबाईलवरून भरलेले पैसे बँकेच्या पासबुकात होते. त्यावरून ट्रिब्युनलने महिना नऊ हजार धरले. वय चोपन्न, म्हणून गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो आकडा, अकरा.

मेडिकल बोर्डाने पायाचं अपंगत्व चाळीस टक्के लिहिलं होतं. पण तो आकडा जशाचा तसा उचलत नाहीत. पाय किती गेला यापेक्षा कमाई किती गेली हे बघतात, तेही सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय. साक्षीच्या दिवशी कंपनीच्या वकिलाने विचारलं, "आजही बाजारात जाता ना?" आई म्हणाली, "वतां. पूण म्हाका आतां पांटलो उखलपाक जायना." म्हणजे जाते, पण आता टोपली उचलता येत नाही. दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा फिकं वाटलं, पण उतरलं. कमाईचं नुकसान तीस टक्के धरलं: नऊ हजार गुणिले बारा, गुणिले अकरा, त्याचे तीस टक्के, म्हणजे ३,५६,४००. वेदना, येण्याजाण्याचा खर्च, सहा महिने सोबत राहिलेल्या मावशीची मजुरी, हे वेगळं. गाडीभाड्याच्या पावत्या मी ठेवल्या नव्हत्या, तिथे थोडकेच मिळाले.

मधे लोकअदालतीत दीड लाखावर मिटवायचं बोलणं आलं. तिथे सही केली की अपील नाही. आई म्हणाली, "पांटल्याचें मोल तांकां खबर ना," आणि उठली.

पैसे २०२५ मध्ये आले, निम्मे मुदत ठेवीत घालायच्या हुकुमासकट. मिरची आता धाकटा भाऊ नेतो. सोपो भरतो आणि चिठ्ठी पँटीच्या खिशात धुवून काढतो.