लिंकनवाल्या आजोबांचा ऑगस्ट

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

मान उन्हाने लाल झालीये आणि दोनदा शांपू लावूनही केसांना पेट्रोलचा वास येतोय. नवरा केव्हाच घोरायला लागलाय. मीही झोपायला हवं, पण आज लिहिलं नाही तर उद्या निम्मं विसरेन, हे मला माझं चांगलं ठाऊक आहे.

आज वुडवर्डवर गेले होते. डेट्रॉइटहून उत्तरेला पाँटिॲककडे जाणारा हा रस्ता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांनी तुडुंब भरतो. १९९५ साली फर्नडेल गावात मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे जमवायचे होते, त्यातून ही जत्रा सुरू झाली. पहिल्या वर्षी मी हिला घरच्यांसमोर ‘गाड्यांची वारी’ म्हटलं होतं. पण वारीत माणसं चालतात. इथे माणसं फुटपाथवर खुर्च्या टाकून बसतात आणि गाड्या चालतात.

इतकी वर्षं मीही खुर्चीवालीच होते. आज पहिल्यांदा गाडीत होते, तेही लिंकनमध्ये, म्हणजे फोर्डच्या महागड्या गाडीत.

समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना आमच्या घरात ‘लिंकनवाले आजोबा’ म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. इथून जवळच विक्समला फोर्डचा कारखाना होता, तिथे लाइनवर त्यांची तीस-एक वर्षं गेली. लिंकन तिथेच बनायची. १९५७ला सुरू झालेला कारखाना २००७ला बंद पडला, पुढे पाडलाही. त्यांच्याकडची गाडी १९६१ची काँटिनेंटल. ती लाइनवरून उतरली तेव्हा ते शाळेत होते, त्यामुळे ‘मी बनवलेली गाडी’ असं ते कधीच म्हणत नाहीत. ‘आमच्याकडची’ म्हणतात. एका डेंटिस्टच्या बायकोने नवरा गेल्यावर विकायला काढली, तेव्हा यांनी घेतली.

गाडी फिकट निळसर राखाडी. रंग कारखान्यातला, पहिलाच. बॉनेटच्या कडेला तो इतका विरलाय की खालचा प्रायमर डोकावतो. ड्रायव्हरच्या आर्मरेस्टची शिवण एका बाजूने उसवलेली. आजोबांनी ती तशीच ठेवलीये, फक्त आणखी उसवू नये म्हणून आतून दोन टाके घातलेत. टाकेही त्यांचेच. मी जवळ जाऊन बघितले तर आपली आजी गोधडीला घालायची तसे सरळ धावदोऱ्याचे.

वुडवर्डवर आमच्या पुढे बराच वेळ १९५९ची लाल कॅडिलॅक होती. तिचं शेपूट मान वर करून बघावं इतकं उंच, त्यात बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन-दोन लाल दिवे. गाडीच्या शेपटाला हे पंख १९४८पासून आले. कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल यांच्या माणसांनी ते पी-३८ या लढाऊ विमानावरून घेतले, आणि मग दहा वर्षं सगळ्यांनी ते वाढवत नेले. समोरची कॅडिलॅक उघडून, सोलून, पुन्हा रंगवून नवीकोरी केलेली. नवी होती तेव्हाही ती इतकी चकचकीत नसावी. सिग्नलला तिचा मालक उतरून फडक्याने कुणाचं तरी बोट पुसत होता. बोट म्हणजे दारावर उमटलेला ठसा. आजोबा म्हणाले, “सुंदर आहे. पण हिला आठवत काही नसणार.” आणि लगेच खिडकीतून त्या मालकाला अंगठा दाखवला, मनापासून.

मला मात्र ती गाडी हळद उतरायच्या आत मेकअप चढवलेल्या नवरीसारखी वाटली. असो, आपापली आवड.

लिंकनला पंख नाहीत. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ, वर क्रोमची एक बारीक पट्टी, बस्स. आदल्या वर्षीच्या मॉडेलपेक्षा ही सव्वा फूट आखूड, तरीही लांबी जवळजवळ ५.४ मीटर आणि वजन सव्वादोन टन. हे रूप खरं तर लिंकनसाठी नव्हतंच. फोर्डचे डिझायनर एलवूड एंगल यांनी ते थंडरबर्ड या फोर्डच्याच दुसऱ्या गाडीसाठी मातीत घडवलं होतं. लिंकनचा धंदा तोट्यात होता आणि फोर्डचे बडे अधिकारी रॉबर्ट मॅक्नमारा तो गुंडाळायच्याच विचारात होते. त्यांनी हे मॉडेल बघितलं आणि याचीच चार दारांची गाडी करा म्हणाले. १९६१लाच मॅक्नमारा केनेडींचे संरक्षणमंत्री झाले आणि केनेडींच्या ताफ्यातली गाडीही हीच, उघडी आणि लांब केलेली. डॅलसला केनेडींची हत्या झाली तेव्हा ते तिच्यातच बसले होते. ती आता इथेच, डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे. त्या दिवसानंतरही तिला चिलखत चढवून १९७७पर्यंत राष्ट्राध्यक्षांसाठी वापरली, हे तिथल्या पाटीवर वाचून मी बराच वेळ तशीच उभी राहिले होते.

पण माझं गाडीवर मन बसलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी सुट्या भागांच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. एका क्लिपमागे सहा सेंट वाचले की आमच्याकडे सगळ्यांना अभिनंदनाचा मेल जातो. विक्समला १९६१मध्ये प्रत्येक इंजिन मिनिटाला ३५०० फेऱ्यांच्या वेगाने तीन तास चालवायचे, मग खोलून तपासायचे आणि परत जोडायचे. गाडी तयार झाली की तिला बारा मैल रस्त्यावर फिरवून १८९ गोष्टी तपासायच्या. तेलात चमकणारा रंग मिसळलेला असायचा. काळोखात विशिष्ट दिवा मारला की गळती कुठे आहे ते लगेच दिसायचं. म्हणूनच तर दोन वर्षं किंवा २४ हजार मैलांची वॉरंटी द्यायची हिंमत त्यांनी केली, आणि तेव्हा इथे एवढी कुणीच देत नव्हतं. आजोबांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला, खरं सांगते, थोडी लाज वाटली. नंतर हिशेबही आठवला. गाडीची किंमत ६ हजार डॉलरच्या वर, म्हणजे तेव्हाच्या साध्या फोर्ड फाल्कनच्या तिप्पट. तीन तास इंजिन चालवायचे पैसे गिऱ्हाईकच देत होतं. आणि एवढी तपासणी झालेल्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. आज उतारावर ते दाबल्यावर गाडी थांबायचं ठरवेपर्यंत माझा पाय नसलेल्या ब्रेकवर दोनदा आपटला.

दुपारी पाच मिनिटं सर आली. आजोबांनी वायपर लावले तर आवाजच नाही. विजेची मोटर नाहीच म्हणे, पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालतात. इंजिनही तसंच. सात लिटरचं व्ही-आठ, पण गुरगुरणं नाही. शेजारच्या घरात कुणी जातं फिरवतंय आणि आपण अर्धवट झोपेत ऐकतोय, तेवढाच आवाज.

ही गाडी इतकी टिकली कशी, हेच इथे नवल. मिशिगनचा हिवाळा गाड्या खातो. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्या मिठाने पत्रा खालून कुरतडत जातो. गंमत म्हणजे डेट्रॉइटच्या खालीच, हजार-बाराशे फुटांवर, मिठाची खाण आहे. वर गाड्या बनवायच्या आणि खालून त्यांना खाणारं काढायचं. आजोबांची लिंकन त्यांच्याकडे आल्यापासून एकदाही मिठावर गेलेली नाही. नोव्हेंबरात टाकी काठोकाठ भरून त्यात पेट्रोल खराब न होण्याचं औषध घालतात, टायरमध्ये हवा जास्त भरतात, बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेवतात. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात तारेचे बोळे कोंबतात. वसंतात ते काढायला विसरू नये म्हणून स्टिअरिंगला सुतळीने पुठ्ठा टांगतात, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘बोळे!’ आणि डिकीत डांबराच्या गोळ्या. या मे महिन्यात त्यांनी माझ्यासमोर डिकी उघडली, तेव्हा भसकन आजीच्या माळ्यावरच्या ट्रंकेचा वास आला. पैठणी आणि लिंकन एकाच पद्धतीने जपतात.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांना मदत म्हणून डॅशबोर्डवर चकाकीचा स्प्रे मारला होता. ते काही बोलले नाहीत. ओल्या फडक्याने अर्धा तास पुसत बसले. मी माफी मागितली तर म्हणाले, चमक काचेत दिसते आणि रस्ता दिसत नाही. मग जरा थांबून, “शिवाय साठ वर्षांत त्याला कुणी असं काही लावलेलं नाही. बिचाऱ्याला सवय नाही.”

आता आजोबांबद्दल. माझ्या खऱ्या आजोबांबद्दल.

ते कुर्ल्याला प्रीमियरमध्ये फिटर होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ती कंपनी. क्रायस्लरशी करार करून गाड्यांचे सुटे भाग आणायचे आणि कुर्ल्यात जोडायचे. आजोबा सांगायचे, एकच गाडी, डॉजचं नाव लावलं की किंग्जवे, डिसोटोचं लावलं की डिप्लोमॅट, प्लायमाउथचं लावलं की सॅव्हॉय. “नवरी एकच, उखाणे तीन.” त्याच किंग्जवे पुढे मुंबईच्या टॅक्सी झाल्या. त्यांची चालत्या टॅक्सीकडे बघायची रीत वेगळी होती. माणूस किंवा रंग नाही, ते आधी दाराची फट बघायचे, सारखी आहे का. मीही आज दिवसभर वुडवर्डवर तेच करत होते हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

आमच्या चाळीत कुणी जास्त रुबाब केला की म्हणायचे, “काय रे, इम्पालातून उतरलास का?” इम्पाला मी सिनेमाच्या पडद्यावरच बघितली होती. आजोबांनी शेकडो अमेरिकन गाड्या जोडल्या, पण मागच्या सीटवर बसून कुठे गेल्याचं मला तरी माहीत नाही. मला इथे नोकरी लागली तेव्हा आजी म्हणाली होती, “तुझ्या आजोबांचे खोके यायचे, तिथे चाललीस.” खोक्यांवर डेट्रॉइट लिहिलेलं असायचं. आजोबा ‘डिट्रॉय’ म्हणायचे.

गेल्या वर्षी आई आली होती तेव्हा आजोबांनी (लिंकनवाल्या) तिला मागे बसवून फिरवलं. हिची मागची दारं उलटी उघडतात, बिजागरी मागच्या बाजूला. आईचे गुडघे दुखतात आणि साडी नेसल्यावर आमच्या गाडीत बसणं म्हणजे तिला शिक्षा. इथे ती टांग्यात बसावं तशी आधी टेकली, मग पाय आत घेतले, मग पदर. मी दार लावलं तेव्हा आलेला तो ‘ठप्प’ आवाज तिला इतका आवडला की तिने पुन्हा उघडून स्वतः लावून बघितलं. नंतर बाकी गाडीकडे लक्षच नाही, सीटच्या कातड्यावरून हात फिरवत राहिली. मला वाटतं तिला काय आठवत होतं ते मला माहीत आहे. विचारलं नाही.

संध्याकाळी परतताना एक पॅकार्ड दिसली, गडद हिरवी, बहुधा १९५०च्या दशकातली. ‘जिच्या मालकालाच विचारा’ अशी त्यांची जाहिरात असायची. १९५८नंतर गाडीवर ते नावच आलं नाही. आजोबांनी हात केला, पॅकार्डवाल्याने टोपी काढली. माझ्या वयाचं कुणी तिथे नव्हतं.

घरी आल्यावर बाबांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे पहाट होती. गाडी सगळ्या बाजूंनी दाखवली, दारं उघडून, डिकी उघडून, उसवलेली शिवणसुद्धा. मॅक्नमारा सांगितले, केनेडी सांगितले, तीन तास इंजिन सांगितलं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ॲव्हरेज किती देते?”

“लिटरला चार.”

“म्हणजे बघायला चांगली आहे,” बाबा म्हणाले.

आजोबांना सांगितलं तर हसून त्यांना ठसका लागला. गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट आहे. इतर महिन्यांत तिने फक्त प्रदर्शनं, मिरवणुका आणि क्लबच्या भेटी एवढ्यालाच बाहेर पडायचं. ऑगस्टात मात्र कुठेही नेता येते. त्यामुळे ऑगस्टात ते केस कापायलाही हिच्यातूनच जातात. उद्या दूध आणि पाव आणायचेत म्हणाले, दुकान दीड मैलावर. येतेस का म्हणाले, आठला निघू.

गजर लावलाय.