काका, शिट्टी वाजवा!

दुरुस्तीला येणाऱ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, सेटांची नेहमीची तक्रार एकच, ‘पॉवर कमी पडतेय’. त्यात खरोखर बिघडलेले थोडेच. पावसाळा संपता संपता एक निवृत्त शिक्षक शंभर वॉटचा एचएफ (लघुलहरींचा) सेट कापडी पिशवीत घालून दुकानात आले, तेव्हा मनात म्हटलं, आला आणखी एक.

काकांचं लायसन रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं, कॉलसाइन (हवेवरचं ओळखनाव) ‘व्हीयू३’वाला. म्हणजे एचएफवर ५० वॉटची मर्यादा. जनरल ग्रेडला ४०० मिळतात, पण त्या परीक्षेत मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे टिंब-रेषांची लिपी, द्यावं-घ्यावं लागतं आणि तिथे काकांनी हात टेकले होते. बाजारातले बरेचसे सेट शंभर वॉटचेच असतात. रिस्ट्रिक्टेडवाल्याने मेनूत जाऊन पॉवर ५० वर आणून ठेवायची. काकांनी ती इमानेइतबारे ठेवलीही होती. राग वेगळाच होता.

‘अरे, पन्नासवर ठेवलाय, पण बोलताना काटा पंधराच्या वर जायला तयार नाही. नियमाने मला पन्नास आहेत ना? मग माझे पस्तीस गेले कुठे? आतला तो ट्रिमर, पॉवर वाढवायचा स्क्रू, जरा फिरवून दे. तिकडे इंग्लंडात २०२४ पासून फुल लायसनला ४०० चे १००० वॉट केलेत, आणि मी माझे पन्नाससुद्धा मागायचे नाहीत?’

इंग्लंडची बातमी खरी होती. ट्रिमरला मात्र मी हात लावणार नव्हतो. त्याने काटा वर जातो, पण आवाजाची शिखरं छाटली जातात आणि आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सीवर चरचर पसरते. मग शेजारच्या गप्पांमधले लोक नावानिशी उद्धार करतात.

सेट डमी लोडला जोडला, मध्ये वॉटमीटर लावला. डमी लोड असला की पॉवरची नुसती उष्णता होते, हवेत काही जात नाही. ‘बोला,’ म्हटलं. काका वर्गात हजेरी घ्यावी तसे बोलले. काटा पंधरा-सोळावर नाचत राहिला.

‘आता शिट्टी वाजवा.’

‘काय?’

‘काका, शिट्टी वाजवा. लांब, एका सुरात.’

दुकानात दोन गिऱ्हाईकं बसलेली. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि माइकमध्ये शिट्टी घातली. काटा सरळ पन्नासला जाऊन टेकला.

एसएसबीचं, म्हणजे हॅम एचएफवर ज्या पद्धतीने बोलतात तिचं, गणितच असं. तोंडातून आवाज नाही तर अँटेनाला पॉवर नाही. बोलण्यात शब्दांमधल्या फटी, श्वास, मऊ अक्षरं. साधा मीटर या सगळ्याची सरासरी दाखवतो. शिखरं पन्नासलाच पोचत असतात, काट्याला तेवढी चपळाई नसते. म्हणून एसएसबीत पॉवर शिखरावर मोजतात. अमेरिकेत पूर्वी मर्यादा ठरवताना सेटच्या शेवटच्या टप्प्याला आत किती डीसी पॉवर दिली ते बघत, १००० वॉटपर्यंत. १९८३ मध्ये ते बदलून बाहेर पडणाऱ्या शिखरावर आणलं, १५०० वॉट. शिखर दाखवणारा मीटर घ्या, असं काकांना सांगितलं आणि सेट परत पिशवीत घातला.

पण काका जागचे हलेनात. ‘मग पूर्वी स्पष्ट ऐकू जायचो, आता लोक पुन्हा पुन्हा कॉलसाइन विचारतात, ते का?’

हा प्रश्न खरा होता. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. चार मजली इमारत, काका पहिल्या मजल्यावर, अँटेना गच्चीत. मधे तीसेक मीटर बारीक आरजी-५८ केबल. ‘एसडब्ल्यूआर बघ, जवळजवळ एकाला एक!’ काका अभिमानाने म्हणाले. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप, एकाजवळ तितकं चांगलं. मला तिथेच वास आला. एसडब्ल्यूआर इतका देखणा कधी कधी अँटेनामुळे नसतो. केबलच पॉवर गिळत असते. वर जाताना थोडी, परत येताना आणखी थोडी. खालच्या मीटरला परत आलेलं काही दिसतच नाही.

मीटर आणि डमी लोड घेऊन गच्चीत गेलो आणि अँटेना काढून केबलच्या वरच्या टोकाला लावले. काका खाली सेटपाशी. दोन लायसनधारी हॅम, आणि बोलणं मोबाइलवर. एफएमवर टाकून नुसतं बटण दाबा, तिथे न बोलताही पूर्ण पॉवर निघते, असं मी सांगितलं होतं, पण फोनमधून शिट्टी ऐकू आली. सकाळपासून जमायला लागली होती त्यांना.

१४ मेगाहर्ट्झला खालून ५० वॉट निघत होते. वर पोचत होते ११.

कनेक्टर उघडला तर आत पाणी. केबल थोडी सोलली तर तांब्याची जाळी काळी पडलेली, हातभर सोलली तरी काळीच. उघड्यावरच्या कनेक्टरला साधी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. पाऊस तिला कधीच जुमानत नाही, पण सगळे तीच लावतात.

पुढच्या रविवारी जाड आरजी-२१३ टाकली, सांध्यांना रबरासारखी आपोआप एकजीव होणारी टेप लावली. वर मोजलं तर बेचाळीसच्या आसपास. सेटला हातही लावला नव्हता.

बिल बघून काका म्हणाले, ‘एवढ्यात थोडी भर घालून लिनिअर, पॉवर वाढवणारा अँप्लिफायर, आला असता की रे!’

मी कागदावर मांडून दाखवलं. ५० वरून ४०० म्हणजे आठपट, ९ डेसिबल. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवर एक घर ६ डेसिबलचं, म्हणजे समोरच्याच्या काट्यावर दीड घर. कुजक्या केबलने एक घर आधीच खाल्लं होतं. शिवाय रिस्ट्रिक्टेडवर लिनिअर लावला तर तो बेकायदाच.

काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. ‘दीड घर पण घरच की,’ म्हणाले. आता त्यांनी मोर्सची की मागवली आहे. सराव शिट्टीवर चालू आहे, काकू वैतागल्यात.