दोन म्हणजे किती?

इंदूरला स्नेहलतागंजात राहणारे चर्चचे निवृत्त पाळकसाहेब. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यापर्यंत पोचलेला. उपशामक सेवेची, म्हणजे गंभीर आजारातलं दुखणं हलकं करणारी, नर्स म्हणून घरी गेलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: शून्य ते दहामध्ये दुखणं किती? उत्तरही ठरलेलं: "दोन. प्रभूची कृपा."

कूस बदलताना मात्र श्वास रोखून धरायचे. डबा उघडला तर मॉर्फीनच्या गोळ्या जवळपास तशाच. 5 मिलिग्रॅम दर चार तासांनी, असं लिहिलेलं असताना अगदीच असह्य झाल्यावर एखादी घ्यायची, हे घरोघरी चालतं. मधल्या वेळात औषधाचा असर उतरतो, दुखणं वर चढतं, आणि मग तीच गोळी पुरत नाही. रुग्ण दोन म्हणतो, म्हणून डॉक्टर मात्रा वाढवत नाहीत. पोट साफ होण्याचं औषध तर सोबत रोज हवंच. ते चुकलं की बद्धकोष्ठ होतं आणि लोक मॉर्फीनच सोडून देतात.

त्या दिवशी काकूंनी स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "सिस्टर, हे भिंत धरून चालतायत." खोदून विचारलं तेव्हा कळलं, तळव्यांना मोजे घातल्यासारखं वाटतंय, लघवी सुरू व्हायला वेळ लागतोय. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाब देत असल्याची ही चिन्हं. इथे एकेक तास मोलाचा असतो. पायांत ताकद असताना उपचार मिळाले तर चालणं बहुधा टिकतं. पाय लुळे पडल्यावर फार थोड्यांचं परत येतं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"प्रभूला वधस्तंभावर देण्याआधी पित्त मिसळलेला द्राक्षारस दिला, तो त्याने चाखून नाकारला. मी गोळी कशी मागू?"

बायबलमध्ये मत्तय 27:34. खोटं काहीच नाही. पण आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेच शिष्यांना सांगितलं होतं की माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. वधस्तंभावर शेवटी "मला तहान लागली आहे" म्हणाला आणि आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, घेतली. मी एवढंच विचारलं, "साहेब, प्रेषित पौलाच्या देहातल्या काट्याचं आपल्याला कसं कळलं?" ते गप्प झाले. उत्तर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. देहातलं ते दुखणं पौलाने काटा म्हटलं, तो काढून टाकायला प्रभूला तीनदा विनवलं, तो निघाला नाही, आणि हे सगळं त्याने करिंथच्या मंडळीला पत्रातून कळवलं. अशक्तपणातच सामर्थ्य पूर्णतेला येतं, हे वचन आपल्यापर्यंत आलं ते त्याने काटा लपवला नाही म्हणून. आपल्याकडे सोसण्याचं कौतुक इतकं की लपवणंही त्यातच खपून जातं. पाळकांच्या घरात तर जास्तच.

मग म्हणाले, "दुखणं सात. रात्री चढून नऊ."

डॉक्टरांना फोन केला. मज्जारज्जूभोवतीची सूज उतरवणारं डेक्सामेथासोन 16 मिलिग्रॅम, सोबत आम्लापासून पोट जपणारं औषध, त्याच दिवशी पूर्ण मणक्याचा एमआरआय, मग रेडिएशन. शेजारी रिक्षा आणायला निघाले होते, त्यांना थांबवलं. अशा रुग्णाला बसवायचं नाही. मान, पाठ आणि कंबर एका रेषेत ठेवून चादरीसकट उचलायचं. अ‍ॅम्ब्युलन्सपर्यंत न्यायला चर्चच्या मंडळीतले चार तरुण आले. आजवर दुसऱ्यांच्या खाटेशी उभं राहून प्रार्थना करणारा हा माणूस आधी संकोचला, मग डोळे मिटून म्हणाला, "चौघं आहात ना? छप्पर तेवढं उघडू नका रे!" चौघांनी छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला येशूपुढे उतरवल्याची बायबलमधली गोष्ट आठवून पोरं हसली, पण चादरीचे कोपरे सुटू दिले नाहीत.

रेडिएशननंतर ते वॉकर घेऊन चालतात. डावा पाय थोडा ओढतो. मॉर्फीन आता घड्याळ लावून घेतात, रात्री पाठीला तेल चोळायला ती पोरं आळीपाळीने येतात. लघवीच्या पिशवीला मात्र काकूंशिवाय अजून कोणाला हात लावू देत नाहीत.