सुसुर्लुकचं फेसाळ आयरान

इस्तंबूलहून जुन्या रस्त्याने इझमिरकडे निघालं की बुर्सा मागे पडल्यावर बालिकेसिर प्रांतातलं सुसुर्लुक लागतं. २०१९ मध्ये नवा महामार्ग पूर्ण झाला, तरी माझं ऐकाल तर गाडी या गावात वळवाच. इथल्या खाणावळींत आयरानचं, म्हणजे दह्याच्या खारट तुर्की पेयाचं, यंत्र असतं. टाकीतलं आयरान पंपाने वर चढतं, कारंज्यासारखं खाली पडतं, पुन्हा वर जातं. त्यात हवा मिसळून दाट, पांढराशुभ्र फेस धरतो. ग्लासात बोटभर फेस नसेल तर ते सुसुर्लुकचं नव्हे. सोबत चीज आणि सुजुक (मसालेदार सॉसेज) घातलेला खरपूस तोस्त, म्हणजे दाबून भाजलेलं सँडविच, घ्यायचा.

आपल्या ताकातलं लोणी काढलेलं असतं. आयरानमध्ये मात्र स्निग्धांशासकट दही, पाणी आणि मीठ, बस्स. जिरं नाही, आलं नाही, साखर तर नाहीच. लोणी काढून उरतं ते ‘यायिक आयरान’. पूर्वी ते कातड्याच्या पिशवीत नाहीतर लाकडी पिंपात घुसळत. मराठी जिभेला ते लगेच ओळखीचं वाटतं. आयरान हा शब्द महमूद काशगरीच्या अकराव्या शतकातल्या तुर्की शब्दकोशातही आहे, इतकं हे पेय जुनं.

तुर्कस्तानच्या आग्नेयेला अंतेप-उर्फा या शहरांकडे कबाब आणि लाहमाजुनबरोबर (खिमा पसरून भाजलेली पातळ रोटी) आयरान तांब्याच्या भांड्यात, डावासकट येतं. हॉटेलात ‘आचिक आयरान’ मागा, म्हणजे सुटं, ताजं मिळेल. नाहीतर सीलबंद डबा पुढ्यात येतो.

घरी करायचं तर ५०० ग्रॅम गार, गोडसर दही, २५० मिली बर्फगार पाणी आणि अर्धा चमचा मीठ. आपलं विरजणाचं दही पातळ असतं, म्हणून आधी अर्धा तास फडक्यात टांगा. मीठ घालून नुसतं दही एकजीव फेटा, मग पाणी थोडं थोडं घाला. सगळं पाणी एकदम ओतलंत तर गुठळ्या राहतात. फेसासाठी मिक्सर अर्धा मिनिटच फिरवा. जास्त फिरवलं की दही गरम होऊन लोण्याचे कण सुटतात आणि फेस बसतो. ग्लासात बर्फ टाकू नका. तो वितळला की चव पाणचट होते. थोडा वेळ ठेवल्यावर तळाशी साका बसतो, त्याने काही बिघडत नाही, ढवळून घ्या.

पूर्वेकडे उन्हाळ्यात याच चवीचं ‘आयरान आशी’ मिळतं: दह्याच्या गार सारात उकडलेले गहू आणि छोले. भर दुपारी एक वाडगा पुरतो.