आमची वाटचाल : दुसऱ्या नावाचा खर्च

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना असून, तेथे आम्ही इतर कंपन्यांसाठी पॅरासिटामॉलच्या आणि आम्लपित्तावरच्या गोळ्या बनवून देतो. करोनाच्या काळात औषधवाल्यांची चांदी झाली, असे आजही अनेक जण आम्हाला ऐकवतात. आमच्या खतावणीत ती चांदी कोठे दिसत नाही.

९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले रुग्ण पुण्यात आढळले, परंतु आमची अडचण त्याआधीच सुरू झाली होती. पॅरासिटामॉल ज्या पॅरा अमिनो फिनॉलपासून तयार होते, ते तेव्हा मुख्यतः चीनमधून येत असे. तिकडचे कारखाने थंडावताच येथे भाव चढले, आणि ३ मार्चला केंद्र सरकारने पॅरासिटामॉलसह २६ औषधद्रव्यांच्या व औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यानंतरही आमचे व्यापारी संपूर्ण रक्कम आगाऊ मागत राहिले. ग्राहक मात्र नव्वद दिवसांनीच पैसे देत. दवाखाने बंद असल्याने आम्लपित्ताच्या गोळ्यांची मागणीही घटली.

अशा वेळी दुसऱ्याकडून माल घ्यावा, हे सांगणे सोपे असते. पॅरासिटामॉलची भुकटी मुळातच नीट दाबली जात नाही; कणांचा आकार थोडा बदलला तरी गोळीचा वरचा भाग टोपीसारखा सुटून येतो, ज्याला आम्ही कॅपिंग म्हणतो. त्यामुळे उत्पादक बदलला की भुकटी बांधून ठेवणाऱ्या बाइंडरचे प्रमाण, भुकटीच्या दाण्यातील ओलावा आणि यंत्राचा दाब पुन्हा बसवावा लागतो, शिवाय ४० अंश सेल्सिअस तापमान व ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिन्यांची स्टॅबिलिटी चाचणी, म्हणजे गोळी टिकते का याची तपासणी, करावी लागते. आमच्या क्वालिटी कंट्रोलच्या मॅडमनी दुसऱ्या एका उत्पादकाच्या मालावर हे सारे दोन वर्षे आधीच हट्टाने करून घेतले होते. त्या खर्चावरून मी तेव्हा बरीच कुरकुर केली होती, हे येथे कबूल केले पाहिजे. एप्रिलमध्ये आमची यंत्रे फिरत राहिली ती त्या फाइलमुळे.

गोळ्या झाल्या, पण माल बाहेर पडेना. औषधनिर्मिती अत्यावश्यक सेवेत मोडत होती. आमची कार्टन छापणारा छापखाना मात्र पेठेत होता, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच पेठांचा भाग सील झाला. ब्लिस्टर, म्हणजे गोळ्यांच्या पट्ट्या, भरून तयार असलेला माल केवळ खोक्यांअभावी अकरा दिवस गोदामात पडून राहिला. दिघी-मोशीहून बसने येणाऱ्या पॅकिंगच्या महिलांसाठी आम्ही टेम्पो लावला, तर खेळत्या भांडवलाची ओढाताण केंद्राच्या हमी योजनेतून विनातारण मिळालेल्या, शिल्लक कर्जाच्या २० टक्के रकमेने काहीशी कमी झाली.

आता खरेदीच्या रजिस्टरात फॉइलपासून कार्टनपर्यंत प्रत्येक वस्तूपुढे दोन नावे असतात. कार्टनचा दुसरा छापखाना चाकणला आहे. त्याचा दर नगामागे वीस पैशांनी जास्त पडतो, तरीही दरमहा थोडे काम त्याला जातेच, आणि आता कुरकुर आमचे हिशेबनीस करतात.